अठरा अंश

"हे काय वाजतंय गं वहिनी?" शैला वन्सं म्हणाल्या.

पुरुषमंडळी नदीवरून अजून परतली नव्हती. आम्ही बायकांनी आंघोळी उरकल्या होत्या आणि माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो. रडून रडून सगळ्यांचे घसे बसले होते, त्यामुळे घरात आवाज असा नव्हताच. म्हणून तर तो ऐकू आला. मागच्या कोठीच्या खोलीतून, बुडुक. मग दहा-बारा सेकंद काही नाही. मग परत, बुडुक.

"नळ गळत असेल," कुणीतरी म्हणालं.

"नळ असा नाही वाजत. काहीतरी उकळतंय."

मी म्हणाले, "खताचं पाणी आहे. झाडांसाठी. ह्यांनी भरून ठेवलंय."

खोटं बोलायला मला एरवी फार वेळ लागतो, आणि बोलले तरी पकडली जाते. त्या दिवशी वेळ लागला नाही. कोपऱ्यात पाटावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या, अक्का. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. कोठीत काय आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं त्या त्यावरून पोराशी भांडत होत्या. मला वाटलं, आता सांगतात सगळ्यांसमोर. पण अक्कांनी मान खाली घातली आणि पदर तोंडाला लावला.

कोठीत बिअर होती. वीस लिटर. माझ्या नवऱ्यानं घरी केलेली, आंबायला ठेवून तिसराच दिवस. आणि तो नवरा पहाटे छातीत कळ आली म्हणाला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

त्यांचं नाव श्रीपाद. चौतीस वर्षं मी त्यांना 'अहो' म्हणत आले. आता अडवायला कुणी नाही म्हणून नाव घेते. नाव घ्यायला मिळावं म्हणून तरी त्यांची गोष्ट सांगते असं म्हटलं तरी चालेल.

संडासाला जाते असं सांगून मी कोठीत गेले. पाण्याचा मोठा प्लास्टिकचा जार, तोंडाला बूच, बुचातून सलाईनची नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. आतला वायू त्यातून बाहेर पडायचा तेव्हा तो आवाज यायचा. जार उभा होता अक्कांच्या लग्नातल्या तांब्याच्या घंगाळात, गार पाण्यात. घंगाळाला बाहेरून पोतं गुंडाळलेलं. पाण्यात बर्फाच्या चार बाटल्या सोडायच्या, वितळल्या की फ्रीजरमधल्या दुसऱ्या चार. आदल्या संध्याकाळपासून कुणी बदलल्या नव्हत्या. चारही बाटल्यांत नुसतं पाणी हलत होतं.

जाराचं तापमान दाखवायला त्यांनी वायर लावून भिंतीवर काटा बसवला होता, त्यावर साडेवीस दिसत होतं. बाजूला खिळ्याला वही टांगलेली होती. शेवटची ओळ श्रीपादच्या अक्षरात: 'रात्री ९. १८. छान.'

चितेवर ठेवलेलं माणूस आदल्या दिवशी नऊ वाजता छान म्हणून गेलं होतं, आणि ते मला उद्देशून नव्हतं, जाराला उद्देशून होतं.

मी बाटल्या बदलल्या. पेन्सिलीनं लिहिलं, 'दुपारी १. २०.५.' पुढं काय लिहायचं ते कळलं नाही. मग बाहेर येऊन पुन्हा रडायला बसले.

आमचे हे दारुडे नव्हते. हे आधी सांगायला पाहिजे, कारण सांगलीत कुणाला सांगितलं की नवरा घरी बिअर करायचा, तर लोक आधी माझ्याकडे दयेनं बघतात. श्रीपाद महिन्यातून दोन छोटे ग्लास घेणारा माणूस. जन्मभर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रं सांभाळली. सत्त्याऐंशी साली कंपनीनं कॉम्प्रेसरचं शिकायला दोन महिने डेन्मार्कला पाठवलं होतं. ज्या म्हाताऱ्याकडे राहायचे तो तळघरात बिअर करायचा. तिचा वास म्हणे सातूच्या पिठासारखा, आणि चव मागून हळूच कडू. रिटायर झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीत जातात, ह्यांना तो वास आठवला.

बंगळूरला त्यांचा एक जुना सहकारी होता. तो मोड आणून भाजलेले सातू, कडू फुलं आणि यीस्टची पाकिटं बसनं पाठवायचा. सातू शिजायला लागले की सगळ्या घरात गोड वास सुटायचा आणि अक्का जपमाळ थांबवून विचारायच्या, "पीठ करतोयस का रे?"

"पीठच समज, अक्का. पातळ."

"माझ्या घंगाळात दारू करतोस. वाडीच्या महाराजांना काय तोंड दाखवू?"

"महाराजांना ह्यातलं कळतं. तुला कळत नाही."

खरी अडचण महाराजांची नव्हती, उन्हाची होती. यीस्ट म्हणजे जिवंत वस्तू, आपल्या विरजणासारखी. पहिला आठवडाभर अठरा अंशांच्या आसपास ठेवली तर शहाण्यासारखी वागते. तापली की बिथरते. श्रीपाद म्हणायचे, "ऊन लागलं की घाई करते. आणि घाईत केलेल्या कामाला वास येतो." सांगलीत एप्रिलात एक्केचाळीस असतं. वर तेव्हा भारनियमन होतं, दिवसा चार-चार तास वीज नसायची. पाच वेळा केली, पाचही वेळा बिघडली. तीनदा पिकलेल्या केळ्याचा वास, एकदा नेलपॉलिशचा, एकदा कसला ते सांगवत नाही.

प्रत्येक वेळी बाटली उघडली की ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे. "नलिनी, एक घोट."

"केळ्याचा वास येतोय."

"तरी पण. मी केलीय."

"वास चुकला नाही की घेईन. एक घोट. कबूल."

"शब्द दिलास हं."

"दिला. आधी केळी घालवा."

मला वाटायचं मी किती हुशार. माणसाला नादी लावून ठेवलं की म्हातारपण सुखात जातं, असा माझा हिशेब. खरं सांगायचं तर दारूला तोंड लावायचं मनातून नकोच होतं, आणि केळ्याचं निमित्त सोयीचं होतं.

सहाव्या खेपेला त्यांनी घंगाळाला पोतं गुंडाळलं. अक्का बघत होत्या. म्हणाल्या, "येडाच आहेस. गुंडाळलं की गरम होतंय. गार कसं राहील?"

"अक्का, बर्फवाला लादी कशात गुंडाळतो?"

"पोत्यात."

"मग ती तापते का? कापड ऊब देत नाही गं. आत जे असेल ते राखतं. गरम असलं तर गरम, गार असलं तर गार."

"मला शिकवू नको. चौऱ्याऐंशी वर्षं गोधडी पांघरतेय."

त्यांच्या त्या गोधडीला कुणी हात लावायचा नाही असा घरात नियम होता. अक्कांनी स्वतः शिवलेली, सासऱ्यांची धोतरं आणि स्वतःची जुनी लुगडी घालून. श्रीपाद लहानपणी त्याच गोधडीत झोपायचे. नंतर मोठं झाल्यावर मागितली तरी मिळाली नाही.

तर असं होतं ते. सहावी खेप अठराच्या वर गेलेली नव्हती, तिसऱ्या दिवशीसुद्धा. आणि मग साडेवीस. मी त्या दुपारी ठरवलं, आता जाऊ द्यायचं नाही. श्रीपादनं सुरू केलेलं आणि अजून चालू असलेलं असं जगात ते एकच काम उरलं होतं. बाकी सगळं थांबलं होतं. त्यांचं घड्याळसुद्धा शैला वन्संनी काढून कपाटात ठेवलं होतं.

सुतकातल्या घरात बर्फाच्या आठ बाटल्या फिरवणं ही साधी गोष्ट नाही. घरात चूल नाही, शेजारपाजारचे डबे येतात, आणि ते सगळे फ्रीजमध्ये कोंबायचे असतात. दुसऱ्याच दिवशी वन्संनी माझ्या बाटल्या फ्रीजरमधून काढून ओट्यावर ओळीनं मांडल्या.

"वहिनी, नुसतं पाणी गोठवून काय ठेवलंयस? दूध नासतंय."

"असू दे. मला डोक्यावर ठेवायला लागतात. डोकं फार चढतं."

"आठ?"

"फार चढतं, वन्सं."

वन्सं वाईट नाहीत हो. कऱ्हाडहून भाऊ गेल्याचा निरोप मिळाला तशा निघून आल्या. घर त्यांनी सांभाळलं, आले-गेले त्यांनी बघितले, त्यांच्या मुलानं सगळे विधी केले, कारण आम्हाला मूलबाळ नाही. पण शिस्तीच्या. सुतकात घरात दारू आहे हे कळलं असतं तर जार उचलून गटारात पालथा केला असता, आणि वर मला दोन शब्द सुनावले असते. त्यांचं चुकलंही नसतं.

शेजारच्या कुलकर्णीकाकूंचं तर वेगळंच. खताचं पाणी म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकले. त्यांचा झाडांचा मोठा नाद. चौथ्या दिवशी मी आत डोकावते तो त्या हातात लिंबाच्या सालींची पिशवी घेऊन जाराचं बूच फिरवतायत.

"काकू, राहू दे ते."

"अगं साली घातल्या की चांगलं आंबतं. भाऊंना मीच सांगणार होते."

मी त्यांचा हात धरला. जरा जोरातच धरला असावा. काकूंना वाटलं, नवऱ्याच्या वस्तूला कुणाचा हात लागू देत नाहीये बिचारी. त्यांनी मला जवळ घेतलं आणि दोघी रडलो, साली माझ्या पाठीवर. त्यांना जे वाटलं ते काही खोटं नव्हतं.

रोज चार वेळा मी कोठीत जायचे. सकाळी सहा, अकरा, चार आणि रात्री नऊ, त्यांच्या वेळा. 'सकाळी ६. १८.५.' 'दुपारी ४. १९. वीज नव्हती.' पाचव्या दिवशी सात तास वीज गेली, बाटल्या गोठल्याच नाहीत. मी पदर घेऊन गल्लीच्या टोकाला बर्फाच्या गाडीवर गेले. दहा दिवसांच्या आत बाहेर पडलेली बाई बघून तो पोऱ्या उभाच राहिला, पण लादी दिली. पोत्यात गुंडाळून दिली. ते बघून मला तिथंच रस्त्यात हुंदका आला.

परत आले तर अक्का कोठीच्या दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीला.

"शैला झोपलीय," एवढंच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

नंतर माझ्या लक्षात आलं, अक्कांनी आपला पाट हळूहळू माजघरातून सरकवत कोठीच्या दाराशी आणलाय. जपमाळ हातात, पण मणी फिरत नसायचे. बुडुक झालं की एक मणी पुढं. पुढं माजघरात जिथं श्रीपादना ठेवलं होतं तिथं दिवा होता, तो विझू द्यायचा नव्हता. आणि मागं हा जार, तो तापू द्यायचा नव्हता. दोघींनी सगळं वाटून घेतल्यासारखे दिवस गेले.

आठव्या-नवव्या दिवसापासून आवाज मंदावला. दोन बुडबुड्यांमध्ये मिनिट जायला लागलं, मग दोन मिनिटं. वहीत पुढं काय करायचं ते काही सापडेना. मी आपली बाटल्या बदलत राहिले. मला एवढंच माहीत होतं, अठरा.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही घाटावर गेलो. अक्कांना पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं, त्या एकट्याच घरी राहिल्या.

पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. कावळा शिवेना की घरची माणसं मनातली इच्छा ओळखून कबुली देतात, हे मी लहानपणापासून बघत आले. मी माझी कबुली तयार ठेवली होती. मनात दहा वेळा घोकली होती. जार मी सांभाळीन. बाटल्या मी भरीन. एक घोट घेईन, शब्द दिलाय तो पाळीन. कावळा अडून बसेल आणि मग मी हे मनात म्हणेन आणि तो खाली उतरेल, असं मी धरूनच चालले होते.

कावळा लगेच शिवला. भटजींचा हात बाजूला होतो न होतो तोच.

"सुटला माझा भाऊ," वन्सं हात जोडून म्हणाल्या. "कशात जीव अडकला नाही."

सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला. अगदी खरं सांगते, त्या पायरीवर उभी राहून मी नवऱ्यावर चिडले. कशातच नाही? दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात सातू शिजवले, अख्खा फ्रीजर अडवला, तो जार अर्धवट टाकून गेलात, मला अर्धवट टाकून गेलात, आणि कशातच जीव अडकला नाही? थोडा वेळ तरी अडायचं. मला माझं वाक्य तरी म्हणू द्यायचं.

त्या रागात घरी आले. पाय धुतले आणि आत वळले तो जाणवलं, आवाज नाही. उभी राहिले, मिनिटं मोजली. काही नाही.

कोठीत गेले. अक्का जमिनीवर बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. बर्फाच्या बाटल्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या. घंगाळातलं पाणी त्यांनी तांब्यातांब्यानं उपसून मोरीत ओतलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, किती खेपा घातल्या असतील देव जाणे. आणि जाराभोवती गळ्यापर्यंत गोधडी गुंडाळली होती. ती, कुणी हात लावायचा नाही ती. वरून पदराची एक चिंधी बांधली होती, सुटू नये म्हणून.

बाहेर चाळीस अंश ऊन, आणि आत गोधडी. माझ्या डोळ्यांपुढं केळीच केळी आली.

"अक्का, हे काय केलंत?"

"मारलंत ना शेवटी. पहिल्यापासून नकोच होतं तुम्हाला. दहा दिवस मी जीव टाकून सांभाळलं, एवढं एकच उरलं होतं त्यांचं, तेही मारलंत."

मी सासूबाईंशी तशी कधी बोलले नव्हते. चौतीस वर्षांत नाही. माझा आवाज बाहेर गेला असणार, कारण माजघरातलं बोलणं थांबलं.

अक्का गोधडीवर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही गेलात आणि आवाज बंद झाला. मी वाट बघितली. एक माळ झाली, दोन माळा झाल्या. मग हात लावून बघितला. गार पडलं होतं गं, नलिनी. पार गार."

"ते गारच ठेवायचं असतं, अक्का."

"त्या दिवशी त्याला आणून खाली ठेवला. मी हात लावला. तसाच गार. मी म्हणाले, गोधडी आणा रे माझी. कुणी आणली नाही. म्हणाले, अक्का, आता कशाला." त्यांनी चिंधीची गाठ नीट केली. "मागत होता तेव्हा मी दिली नाही. द्यायची म्हणाले तेव्हा तुम्ही दिली नाहीत."

मी खाली बसले. वन्सं दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं होतं. त्या जाराकडे बघत होत्या, मग आईकडे, मग माझ्याकडे. खताला कुणी गोधडी पांघरत नाही हे त्यांना कळलंच असणार. डोळे पुसले आणि आल्या तशा परत गेल्या. पुढं आलेल्यांना म्हणाल्या, "काही नाही, आईला जरा बरं वाटत नव्हतं." त्या दिवसापासून माझ्या बाटल्या फ्रीजरमधून कुणी काढल्या नाहीत, पण त्यांची गरजही उरली नव्हती.

मग मी काट्याकडे बघितलं. तीस तरी असेल असं वाटलं होतं. काटा एकवीसवर होता. मी वायर हलवून बघितली. एकवीसच. सकाळी आठला आम्ही निघालो होतो, आता बारा वाजत आलेले, बर्फ नाही, पाणी नाही, खोलीत जीव नको करणारा उकाडा, आणि गोधडीच्या आत एकवीस.

"वहीत लिही," अक्का म्हणाल्या.

"काय लिहू? पुढं काय करायचं तेच त्यांनी लिहिलेलं नाही."

"मागचं पान बघितलंस का?"

"कसलं मागचं पान?"

"शाळेत असल्यापासून महत्त्वाचं तेवढं मागच्या पानावर लिहायचा. पुढची पानं मास्तर तपासतात म्हणून."

मी खिळ्यावरून वही काढली आणि मागून उघडली. तिथं सगळं होतं, त्यांच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या अक्षरात, एकाखाली एक.

'बुडबुडे थांबले की पाण्यातून काढणे. आता थोडी ऊब हवी, २१-२२, दोन दिवस. एकदम नको, हळूहळू. गार ठेवली तर लोण्याचा वास राहतो.

'पोत्यापेक्षा अक्काची गोधडी बरी. मला देणार नाही. नलिनीला मागायला लावणे.

'मग बाटल्या. पंधरा दिवस.

'६ मे उघडणे. नलिनी, एक घोट. (कबूल आहे.)

'नलिनीचं मत:'

त्यापुढं जागा सोडलेली होती. दोन ओळींची.

मी ते अक्कांना वाचून दाखवलं. गोधडीच्या ओळीला त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. त्यांना तिसऱ्यांदा ऐकायचं होतं. तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "मागितली असतीस तर दिली असती हं, नलिनी. तुला दिली असती." आणि मग त्या रडायला लागल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

तेरावा झाल्यावर वन्सं कऱ्हाडला गेल्या. निघताना वाकून नमस्कार केला आणि कोठीकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या खताचं काय झालं ते कळव." मी बाटल्या भरल्या. पन्नास-साठ निघाल्या असतील लहान-मोठ्या, सॉसच्या, सरबताच्या. श्रीपादनी धुऊन ठेवल्याच होत्या. अक्कांनी बुचं मोजून दिली.

सहा मे आमच्या लग्नाचा वाढदिवस. संध्याकाळी ऊन कलल्यावर मी मागच्या अंगणात दोन खुर्च्या टाकल्या. बाटली फोडली तर वर पांढरा फेस आला आणि तसाच राहिला. ग्लासात ओतली. रंग काळ्या चहासारखा, आरपार दिसणारा. मी ग्लास नाकाशी नेला आणि थोडा वेळ डोळे मिटून घेतले. केळं नव्हतं. नेलपॉलिश नव्हतं, लोणी नव्हतं. सहाव्या खेपेला साधलं होतं, आणि ज्याला सांगायचं तो नव्हता. मला इतकं सांगावंसं वाटलं त्यांना की मी खरंच मान वळवून दाराकडे बघितलं.

"मला दे," अक्का म्हणाल्या.

"अक्का, दारू आहे."

"पीत नाही. वास घेते."

त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. वास घेतला, खाली केला, पुन्हा घेतला.

"सातू," त्या म्हणाल्या. "गूळ-सातू खाऊन तसाच झोपायचा. गोधडीत तोंड घालून. सकाळी उठवायला गेले की तोंडाला असाच वास यायचा."

बराच वेळ त्यांनी ग्लास परत दिला नाही. मीही मागितला नाही. शेवटी दिला तेव्हा त्यावरचा फेस बसला होता.

एक घोट कबूल केला होता. एक घेतला. आधी सातूची गोडी, मग मागून हळूच कडू, ते सांगायचे तसंच. मग दुसरा घेतला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी तिथं बसलो आणि मी अख्खा ग्लास संपवला. मला ती आवडली की नाही हे अजून सांगता येत नाही. पाच वेळा हातात ग्लास घेऊन समोर उभा राहिलेला माणूस तेवढा सारखा दिसत होता. 'तरी पण. मी केलीय.'

आता ह्याला पंधरा वर्षं झाली. अक्का पुढच्या वर्षी गेल्या, गोधडी त्यांच्या अंगावर घालूनच नेली. ह्या वेळी मी कुणाला 'आता कशाला' म्हणू दिलं नाही. वही माझ्याकडे आहे. मागच्या पानावर श्रीपादनी सोडलेल्या जागेत मी त्याच संध्याकाळी लिहिलं. आधी 'वास चुकला नाही' असं लिहिलं, मग ते खोडलं आणि खाली पेन्सिलीनं नीट लिहिलं:

'केळ्याचा वास आला असता तरी चाललं असतं.'